दीप्तीचं अपेंडिक्स

सावनेरला त्यांच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, की लहानू सोमकुवरच्या पोरीचं हैदराबादला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. अपेंडिक्ससाठी कोणी हैदराबाद गाठतं का, आणि त्यापायी पाच महिने घराबाहेर राहतं का, हे कोणी तोंडावर विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. मावशी तिकडे आहे, म्हणून तिकडेच केलं, असं दीप्तीची आई पार्वतीबाई सांगणार होती. मावशी खरंच होती.

दीप्तीचं मोठं आतडं काढलं होतं. अख्खं. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. त्याआधी तीन वर्षं त्या आतड्यातून रक्त जात होतं. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, वजन अडतीस किलोवर आलं. मग आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून त्याचीच एक पिशवी शिवली आणि ती आतून खाली गुदद्वाराला जोडून दिली. डॉक्टर तिला पाऊच म्हणत. शिवण भरून येईपर्यंत तीन महिने पोटावर बाहेरून दुसरी, प्लास्टिकची पिशवी होती. उजवीकडे, कमरेच्या हाडाजवळ. नंतर ती निघाली, भोक शिवलं, तिथे दोन बोटांएवढा व्रण राहिला. दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनच्या बाकीच्या खुणा तांदळाच्या दाण्याएवढ्या होत्या.

व्रण नेमका अपेंडिक्सच्या जागी होता. पार्वतीबाईला ते आयतंच सापडलं. शिवाय मोठ्या आतड्यासोबत अपेंडिक्सही गेलंच होतं. मग खोटं कुठं आहे त्याच्यात, असं ती म्हणायची. लहानू कोळशाच्या खाणीत कामाला होता. खाणीच्या कार्डावर पोरीचा सगळा इलाज झाला होता, आणि ते कार्ड लग्न होईपर्यंतच चालणार होतं.

हैदराबादच्या डॉक्टरांनी निघताना बजावून सांगितलं होतं. या पाऊचला कधीकधी सूज येते, त्याला पाऊचायटिस म्हणतात. वेळेवर ओळखली तर गोळ्यांनी जाते. तुमच्या शहरात आतड्यांच्या या आजारांचा जाणकार शोधून ठेवा. आणि दुसरा कोणीही डॉक्टर तपासायला आला, तर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे, की मला पाऊच आहे.

जाणकार शोधायचा तर विचारावं लागतं. विचारायचं तर सांगावं लागतं. त्यांनी शोधला नाही.

लग्न नागपूरला झालं. नवरा अंकुश खोब्रागडे, शहराबाहेर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लर्क. घर नंदनवनला, स्वतःचं. सासरे नव्हते. सासू अंजनाबाई. तिने एका सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं. बघायला आले तेव्हा तिने दीप्तीला दोनच गोष्टी विचारल्या. कामावर जाशील का, आणि काही दुखणंखुपणं आहे का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर पार्वतीबाईने दिलं. अपेंडिक्स झालं होतं बाई, तेवढंच. अंजनाबाई म्हणाली, ते काय, माझंही झालं आहे. सगळे हसले. चहा आला.

पाहुणे गेल्यावर पार्वतीबाईने हैदराबादची फाइल चुलीत घातली. जाड होती, म्हणून थोडी थोडी घातली.

दीप्तीला सीताबर्डीच्या एका छापखान्यात काम मिळालं. संगणकावर मजकूर लावायचा, प्रुफं काढायची. लग्नपत्रिका कमी झाल्या होत्या, पण डॉक्टरांची कामं वाढली होती. लेटरहेड, फाइलची कव्हरं, पत्रकं. कोणाची डिग्री किती लांब आहे, कोण फोटो छापतो, कोण दर वर्षी फोटो बदलतो, हे तिला पाठ होतं. मालक मोहितभाऊ म्हणायचे, "दीप्तीताई, तुमच्याएवढे डॉक्टर तं यमालेही माहीत नसतील."

दोन वर्षं बरी गेली. पाऊच असलेल्या माणसाला दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतंच. घरात संडास एकच, अंगणात. अंजनाबाईला वाटायचं, सून आत बसून मोबाइल पाहते. शेजारच्या सिंधूताईसमोर ती म्हणायची, "आमच्या सूनबाईचं ऑफिस तिथंच आहे. सही घ्याची असन तं दाराखालून कागद सरकवा लागते." दीप्तीही हसायची. हसण्याने निभावत होतं.

तिसऱ्या वर्षी पाचाचे बारा झाले. मग पंधरा. पोटात पिळा पडायचा, अंगात कणकण असायची, कधी रक्त दिसायचं. तिला कळत होतं. हैदराबादचं वाक्य तिला शब्दशः आठवत होतं. पण त्या घरात डॉक्टरकडे एकटं जायची रीत नव्हती. कोणीच जात नव्हतं. आधी ओळख काढायची, मग जायचं. ज्याची ओळख, तो केबिनमध्ये सोबत बसणार आणि बोलणार तोच. आणि ओळख या बाबतीत अंजनाबाईसारखी गल्लीत कोणाची नव्हती. आज मोठमोठे बोर्ड लावून बसलेले सर्जन तिने शिकाऊ असताना पाहिले होते. त्यांना रात्रपाळीत चहा पाजला होता. ते अजून तिला मावशी म्हणत. मावशी आली की रांग बाजूला व्हायची. तीस वर्षांच्या नोकरीतून तिने कमावलेलं तेवढंच होतं, आणि ते ती सुनेसाठी मोकळ्या हाताने खर्च करत होती.

पहिल्या डॉक्टरने गॅस सांगितला. दुसऱ्याने आमांश. त्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि दीप्तीला एकदम बरं वाटलं. पाऊचच्या सुजेवर नेमकी तीच गोळी लागू पडते. फक्त ती पाच दिवसांत आटोपायची नसते. कोणाला माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती बाजूच्या खुर्चीवर ओढणीचं टोक गुंडाळत बसली होती. पंधरा दिवसांत दुखणं परत आलं. तिसऱ्याने कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या, त्यांनी आणखी बिघडलं. प्रत्येक केबिनमध्ये आधीचं ऑपरेशन विचारलं जाई. प्रत्येक केबिनमध्ये अंजनाबाई सांगे, अपेंडिक्स, लग्नाच्या आधी. डॉक्टर व्रण पाहत, मान हलवत, लिहून घेत.

मग एक दिवस बसताच येईना. खाली फोड आला होता, तापही होता. अंजनाबाईने आपल्या सगळ्यात मोठ्या ओळखीचा माणूस काढला. हे सर्जन, अंजनाबाईचे सर. मूळव्याध आणि भगंदरात त्यांचं नाव होतं. शुक्रवारी त्यांनी दीप्तीला कुशीवर वळवून अर्धा मिनिट पाहिलं. भगंदर आहे मावशी, छोटं काम आहे, मंगळवारी उपाशीपोटी आणा. दुर्बिणीने आतून पाहायचं का, असं अंजनाबाईनेच विचारलं. इतक्या तरुण पोरीला कशाला त्रास, असं ते म्हणाले. अंजनाबाईला ते फार आवडलं. बाहेर आल्यावर ती दोनदा म्हणाली, पाहिलं ना, उगाच तपासण्या लिहीत नाहीत.

शनिवारी छापखान्यात एक नवं काम येऊन पडलं. डॉ. हिमानी देवतळे, रामदासपेठ. बाहेर शिकून नुकत्याच नागपुरात परतल्या होत्या. लेटरहेड होतं, आणि रोग्यांना वाटायचं एक मराठी पत्रक. दीप्तीने उशी ठेवलेल्या खुर्चीवर अर्धी टेकून मजकूर लावायला घेतला. पहिली ओळ होती, मोठे आतडे काढल्यानंतर पाऊचची काळजी.

तिने हात थांबवले. मग पुन्हा टाइप करू लागली. शौचाला जाण्याची संख्या अचानक वाढणे. पोटात कळ. रक्त. ताप. तिच्या अंगात वर्षभर जे चाललं होतं ते ती ओळीओळीने लावत होती. शेवटी एक चौकट होती. मूळव्याध किंवा भगंदर म्हणून गुदद्वाराजवळ कोणतीही शस्त्रक्रिया करण्याआधी डॉक्टरांना पाऊचबद्दल सांगा. पाऊच असलेल्या रुग्णात चुकीचा छेद गेल्यास पाऊच गमवावा लागू शकतो.

हे सगळं तिने मराठीत पहिल्यांदाच वाचलं. चौकटीची रेघ तिने जाड केली.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात उभं राहून रामदासपेठेला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं. कोणाच्या ओळखीने, हे विचारलंच नाही. दीप्ती वाट पाहत राहिली. गुरुवारी साडेअकरा, असं सांगून मुलीने फोन ठेवला.

मंगळवार गुरुवारच्या आधी येतो. मंगळवारपर्यंत मधे दोन दिवस होते आणि बोलायचं एकच वाक्य होतं.

रविवारी तिने आईला फोन केला. सांगून टाकते, म्हणाली. पार्वतीबाईने ओरडाआरडा वगैरे काही केला नाही. ती हळूच बोलली. तीन वर्षं झाली, आता सांगशील तर ते लोक विचारतील, तीन वर्षं काहून नाही सांगितलं. मग तुझं काय, तुझ्या बापाचं काय. अंजनाबाईला समाजात सगळे ओळखतात. दीप्ती म्हणाली, आई, तो पाऊच जाईल.

"लगन तं झालं ना वं तुहं," पार्वतीबाई म्हणाली. "ते पाहूनच केलं न मी सारं."

घरी दीप्तीने सासूला विचारून पाहिलं, मंगळवारऐवजी पुढच्या आठवड्यात चालेल का. अंजनाबाई दुखावली. सरांनी दुसऱ्याचं नाव मागे टाकून तुला मधे घेतलं, मी शब्द दिला आहे, आता कोणत्या तोंडाने सांगू. सोमवारी संध्याकाळी अंकुश तिला स्कूटरवर रक्त तपासायला घेऊन गेला. येताना ती त्याच्या पाठीशी तोंड नेऊन म्हणाली, माझं ते अपेंडिक्स नव्हतं. समोर ट्रक होता, त्याने हॉर्न दिला. त्याने मान अर्धी वळवून विचारलं, काय म्हणून राहिली. ती म्हणाली, काही नाही, नीट चालवा.

मंगळवारी तिथल्या सिस्टरने अंजनाबाईला थेट थिएटरच्या आत येऊ दिलं. जुन्या मावशीला कोण अडवणार. पाठीत सुई देताना दीप्तीला पुढे वाकून बसवलं, तेव्हा तिचा हात धरून अंजनाबाईच उभी होती. भूल देणाऱ्या डॉक्टरने वही पुढे ओढून विचारलं, आधी काही ऑपरेशन? दीप्तीने डोकं वर केलं. अंजनाबाईने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"अपेंडिक्स," अंजनाबाई म्हणाली. "लगनाच्या आधी. बाकी काही नाही साहेब, पोरगी एकदम साफ आहे."

दीप्तीने डोकं खाली केलं. मग कमरेखाली काही जाणवेनासं झालं.

गुरुवारी साडेअकराला ती नंदनवनच्या घरात पालथी झोपून होती.

जखम भरली नाही. दोन आठवडे, चार, आठ. सर म्हणाले, काहींना वेळ लागतो मावशी. काय घडत होतं ते दीप्ती कोणाला सांगत नव्हती. आता तिला शौच थांबवता येत नव्हतं. ती पॅड लावून कामावर जायची, पिशवीत दोन सलवारी जादा असायच्या. छापखान्यात तिने आपली खुर्ची संडासाजवळच्या टेबलापाशी नेली. मोहितभाऊंनी विचारलं नाही. ते समजूतदार होते. त्या शहरात समजूतदार माणसं पुष्कळ होती, आणि कोणीच काही विचारत नव्हतं.

नवव्या आठवड्यात ती जेवणाच्या सुट्टीत एकटी रामदासपेठेला गेली. डॉ. हिमानी देवतळे चाळिशीच्या आतबाहेर असतील. त्यांच्या टेबलावर तेच पत्रक होतं, जाड रेघेचं. त्यांनी विचारलं, आधी काय ऑपरेशन झालं आहे? दीप्तीने इकडेतिकडे पाहिलं. बाजूची खुर्ची रिकामी होती.

ती म्हणाली, मला पाऊच आहे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तासभर विचारलं आणि तासभर ऐकलं. हैदराबादला स्वतः फोन केला. तिथे फाइलची प्रत होती, दुसऱ्या दिवशी सगळं मोबाइलवर आलं. मग एमआरआय झाला, दुर्बीण झाली. पाऊच आतून सोललेल्या कातडीसारखा लाल झाला होता, आणि भगंदराची वाट थेट पाऊचमधून निघत होती. ती वाट उघडताना शौच धरून ठेवणारा स्नायू कापला गेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली नाही. चार महिने औषधं दिली, महागडी इंजेक्शनं दिली. त्यांचे पैसे दीप्तीने घरी न सांगता पगारातून आणि माहेरचे दागिने मोडून भरले. सूज उतरली. कापलेलं काही जुळलं नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, पाऊच काढावा लागेल. पोटावर पिशवी. या वेळी कायमची.

दीप्तीने विचारलं, त्या मंगळवारच्या आधी आले असते तर?

डॉक्टर हिमानी खोटं बोलू शकल्या असत्या. "तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं," त्या म्हणाल्या.

घरी तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. अंकुश आणि अंजनाबाई दोघं समोर होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, हैदराबाद, पाऊच, व्रण, चुलीत गेलेली फाइल. अंकुशने मधे एकदाच विचारलं, म्हणजे बघायला आलो तेव्हापासून? ती हो म्हणाली. तो उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. दोन दिवसांनी त्याने वाडीला गोदामाच्या मागे एक खोली घेतली. सीझन आहे, गाड्या जास्त येऊन राहिल्या, जाणंयेणं परवडत नाही, असं त्याने सांगितलं. फोन करायचा. जेवली का, विचारायचा. ती हो म्हणायची आणि तो ठेवायचा.

अंजनाबाई जागची हलली नाही. ती स्वतःच्या तळहातांकडे पाहत होती.

"तीस वर्सं लोकाईच्या पिशव्या बदलल्या वं मी," ती म्हणाली. "धुतल्या. पुसल्या. नाकाले पदर नाही लावला कधी. तुही पिशवी मले जड झाली असती काय?"

अंजनाबाईने तळहात उलटे करून मांडीवर ठेवले.

"आणि डॉक्टरासमोर बोलली कोण? मी. माह्या तोंडातून बोलवलं तुमी ते. सुई टोचून राहिला होता तो, तुहा हात माह्या हातात होता. एक बोट दाबलं असतं तं मी समजली असती."

ती त्यानंतर सुनेला टाकून बोलली नाही. स्वयंपाक करायची, डबा भरून द्यायची. पण तिने डॉक्टरांकडे जाणं सोडलं. स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याही सिंधूताईकडून मागवू लागली. सरांच्या दवाखान्यावरून जायचं असलं तर ती रस्ता बदलायची. सर अजून तिची चौकशी करतात म्हणे. मावशी दिसत नाही हल्ली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दीप्ती भरती झाली. पिशवी कुठे येणार ते ठरवायला सिस्टरने तिला बसवलं, उभं केलं, वाकायला लावलं. सलवारीची नाडी कुठे बांधता, असं विचारलं, आणि निळ्या पेनाने पोटावर गोल काढला. या वेळी जागा डावीकडची निघाली.

नातेवाईकाची सही हवी होती. अंकुश येतो म्हणाला होता. दुपारी त्याचा फोन आला, गोदामात माल उतरवायला गाडी लागली आहे, उद्या सकाळी नक्की. मग सावनेरहून पार्वतीबाई आली. तिने फळं आणली होती, ती कोणी खाणार नव्हतं. वॉर्डात सहा खाटा होत्या आणि भेटायची वेळ असल्याने सगळ्या खाटांभोवती माणसं होती. बाजूच्या खाटेवरच्या बाईने पार्वतीबाईला विचारलं, पोरीला काय झालं आहे. पार्वतीबाईने दीप्तीकडे पाहिलं आणि म्हणाली, पोटाचं आहे बाई, साधंच.

सिस्टरने कागद आणून दिला. पार्वतीबाईला सही येत होती, वाचता धड येत नव्हतं. तिने विचारलं, काय लिहिलं आहे याच्यात?

दीप्ती उठून बसली. तिने कागद हातात घेतला आणि वाचायला लागली. रुग्णाचे नाव, वय. मोठे आतडे पूर्वी पूर्णपणे काढलेले आहे. गुदद्वारातून सतत शौचगळती. पाऊच निकामी झाल्याने तो काढून, गुदद्वार कायमचे बंद करून, पोटावर कायमस्वरूपी मलपिशवी.

बाजूच्या खाटेवरची बाई वळून पाहू लागली. पार्वतीबाईने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"हळू वाच वं माय. लोकं आहेत."

दीप्तीने तिचा हात बाजूला केला. ती ओळ तिने पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचली, शेवटच्या खाटेपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. मग पेन आईच्या हातात दिलं.